जुन्या वाड्यांतल्या रंगीत चिनीमातीच्या टाइल्स: मराठवाड्यात अजून कुणी जमवतंय का?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. परभणी, जालना, हिंगोली या पट्ट्यात जुने वाडे मोडायलेत आणि त्यातलं सागवान लगेच उचललं जातंय, दारं, चौकटी, तुळया, खांब सगळं पुण्या-मुंबईला जायलंय, हे काय नवीन सांगायला नको. पण त्याच वाड्यांच्या ओसरीत, देवघरात, जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या अंगाला ज्या रंगीत उठावाच्या टाइल्स असतात त्यांचं काय होतं? मलब्यात जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दगडमातीबरोबर भरून कुठंतरी खड्डा बुजवायला. ते बघून फार वाईट वाटतं म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. साधारण सहा इंच चौरस, कडेच्या पट्टीला सहा बाय तीनच्या, जाडी एक सेंटीमीटरच्या आसपास, हातात घेतली तर अर्ध्या किलोच्या जवळपास भरते. वर काचेचा थर, त्याखाली हिरवा, मरून, पिवळा, आकाशी असे दाट रंग, नक्षी म्हणजे गुलाब, कमळ, वेलबुट्टी, क्वचित मोर. पाठीवर चुना धरायला खाचा पाडलेल्या आणि बऱ्याच वेळा तिथं इंग्रजीत ‘मेड इन जपान’ उठवलेलं. हो, जपान! आपल्याकडं सगळे त्यांना विलायती म्हणतात पण मला आतापर्यंत ज्या हाताळायला मिळाल्या त्यात बहुतेक जपानी निघाल्या, थोड्या इंग्लंडच्या.

आपल्याकडं आल्या कशा ते पण लिहितो. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल आटला आणि आशियातली बाजारपेठ जपानी कारखान्यांनी धरली. अवाजी बेटावरची दान्तो, नागोयाकडची साजी अशा कंपन्या, १९१० ते १९३० च्या दशकातला काळ, तैवान, सिंगापूर, हिंदुस्थान सगळीकडं पेट्याच्या पेट्या जायच्या. मुंबई बंदरात उतरल्या की रेल्वेनं मनमाड. मनमाडला आपली निझामाची मीटरगेज लाइन सुरू व्हायची म्हणून ब्रॉडगेजच्या डब्यातला माल उतरवून परत दुसऱ्या गाडीत चढवायचा, आणि मग औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी, नांदेड. ही लाइन १९०० च्या सुमारास झाली, तिच्या कडेच्या गावांत कापसाचे जिन-प्रेस आले, आडती वाढल्या, त्या पैशावर ज्यांनी नवे वाडे बांधले नाहीतर जुन्या वाड्याला नवा दिवाणखाना काढला त्यांच्याकडंच या टाइल्स जास्त दिसतात. लाइन सोडून आत आत गेलं की एकदम कमी होतात, हे मी फिरून पाहिलंय.

तर कुणाकडं असतील, कुणी जमवत असेल, कुणाच्या गावात असा वाडा असेल तर लिहा. फोटो असेल तर फारच छान.

मांजराकाठ

लई भारी विषय दादा. आमच्या लातूरला सगळे मिंटन टाइलच म्हणतात. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एका जुन्या पेढीत जमिनीला आहेत, काळ्या-पांढऱ्या-लाल चौकोनी नक्षीच्या, लहानपणी त्यावर बसून गोट्या खेळलोय आम्ही. त्या पण जपानीच का?

दुधनाकाठ

@मांजराकाठ, जमिनीवर आहेत म्हणजे बहुतेक सिमेंटच्या असतील. त्या वेगळ्या. त्यात लोखंडी साच्यात रंगीत सिमेंट ओतायचं, त्यावर सिमेंट-वाळूचा जाड थर द्यायचा आणि प्रेसखाली दाबायचं, मग पाण्यात मुरवायचं, भट्टी नसते. मुंबईच्या भारत टाइल्सनं १९२२ पासून हे काम स्वदेशी म्हणून चालू केलं आणि ते फार उत्तम दर्जाचं होतं. त्यांना कमी लेखू नका, त्या पण जपायच्याच.

मिंटन म्हणजे इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचा कारखाना. त्यांची खासियत म्हणजे एका रंगाच्या मातीत दुसऱ्या रंगाची माती भरून मग भाजायचं, त्यामुळं रंग वरवर नसतो, दोन-चार मिलिमीटर आत गेलेला असतो आणि वर्षानुवर्षं माणसं चालली तरी नक्षी पुसत नाही. मुंबईला राणीच्या बागेजवळ भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे तिथं जमिनीला खरी मिंटन बघायला मिळेल, गेलात तर खाली बघत चाला.

ओळखायला सोपं आहे. कुठं एखादी फुटकी असेल तर तिची कड बघा. आत करडं आणि दोन थर दिसले तर सिमेंट. आत पांढरट, पिवळसर नाहीतर विटकरी घट्ट माती दिसली तर भाजलेली. आणि भिंतीवरच्या ज्या चकचकीत उठावाच्या आहेत त्या तिसराच प्रकार, त्यांना जगभर मजोलिका म्हणतात. त्या अशा व्हायच्या की माती ओली न घेता जवळजवळ कोरडी पूड घ्यायची आणि लोखंडी साच्यात जोरात दाबायची. ही युक्ती इंग्लंडमध्ये रिचर्ड प्रॉसरनं १८४० साली पेटंट केली, मुळात बटणं करायला! मिंटनवाल्यांनी त्यात भागी घेतली आणि टाइल्सला लावली. कोरडी पूड असल्यामुळं वाळताना वेडीवाकडी होत नाही, सगळ्या एका मापाच्या निघतात, म्हणून तर चार टाइल्स जोडून एक मोठं फूल होतं आणि रेघ कुठं चुकत नाही. मग एकदा भाजायची, रंगीत काच-लेप भरायचा, परत भाजायची. नक्षीच्या कडा उंच असल्यामुळं लेप वितळला तरी एका खणातून दुसऱ्यात जात नाही, आणि खोलगट जागी जाड साचतो म्हणून तिथं रंग गडद दिसतो. ती जी छाया दिसते ना पाकळीच्या बुडाशी, ती कुणी रंगवलेली नाही, लेप साचून झालेली आहे. मला तर या टाइल्समधलं सगळ्यात सुंदर काय असेल तर तेच.

मांजराकाठ

आयला, पाकळीचं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. उद्याच जाऊन बघतो, आमच्या मावशीच्या घरी देवघराला आहेत तशा.

औरंगपुरा_गल्ली

मस्त धागा. थोडी भर घालतो. मराठवाड्यात टाइल्सची गोष्ट जपानपासून सुरू होत नाही. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबानं १६८७ ला राज्य बुडवल्यावर तिथं कैदेत ठेवलं होतं. त्या महालाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सचे तुकडे अजून शिल्लक आहेत. किल्ल्यातल्या चांद मिनारवर पण एकेकाळी झिलईच्या टाइल्स होत्या, तो पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला. लोक वर बघत गडावर चढून जातात आणि हे बघतच नाहीत.

हे लिहायचं कारण दुसरं पण आहे. मागे एक पोरगा मला अभिमानानं निळ्या टाइलचा तुकडा दाखवत होता, किल्ल्यातून ‘सापडला’ म्हणे. तसलं कुणी कृपया करू नका. ते संरक्षित स्मारक आहे, तिथला खडा उचलणं पण गुन्हा आहे. मी त्याला तो तुकडा पुरातत्त्व खात्याच्या तिथल्या माणसाकडं परत द्यायला लावला.

आणि वाड्यातल्या टाइल्सबद्दल पण कायदा वाचून ठेवा. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, त्यात शंभर वर्षांच्या वरच्या वस्तू येतात आणि इमारतीपासून सुटी केलेली वस्तू असं सरळ लिहिलेलं आहे. १९२० च्या आसपासचं सगळं आता शंभरी ओलांडायलंय. स्वतःच्या घरची जपून ठेवायला अडचण नाही, पण धंदा करायचा तर परवाना लागतो आणि परदेशात पाठवणं तर बंदच आहे.

उदगीरकर

औरंगपुरा यांनी दौलताबाद काढलं म्हणून मी बिदर काढतो, आमच्या उदगीरहून दोनेक तासाची बस. महमूद गवानचा मदरसा, १४७२ चा. तीन मजली, समोरच्या भिंतीवर आणि उरलेल्या एका मिनारवर निळ्या, हिरव्या, पांढऱ्या टाइल्सचं काम आहे. औरंगजेबाच्या काळात आत ठेवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि अर्धी इमारत गेली, तरी जे उरलंय ते बघून उभा राहिलेला माणूस हलत नाही. किल्ल्यातला रंगीन महाल पण बघा, त्यात शिंपल्याचं जडावकाम आणि टाइल्स दोन्ही आहे. ते इराणी पद्धतीचं, त्याचा वाड्यातल्या साच्याच्या टाइलशी कारागिरीच्या अंगानं काही संबंध नाही, पण भिंतीला चमकता रंग पाहिजे ही हौस आपल्या भागात जुनीच आहे असं मला वाटतं.

मन्याड_खोरं

मी नांदेड जिल्ह्यातला, आमचा जुन्या सागवानाचाच धंदा आहे, वडिलांपासून. त्यामुळं दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका.

वाडा मोडताना मालकाला घाई असते. भावा-भावात वाटणी झालेली असते नाहीतर प्लॉटचं गिऱ्हाईक दारात उभं असतं. सागवान आम्ही चार माणसात उतरवतो. टाइल काढायची तर एकच चांगला मिस्त्री लागतो आणि तो दिवसभर बसून थोड्याच काढतो, त्यातल्या काही फुटतात. मजुरी कोण देणार? म्हणून मलब्यात जातात, कुणाला त्याची किंमत नाही म्हणून नाही. मी स्वतः आता आमच्या माणसांना सांगतो की देवाच्या टाइल्स असल्या तर हात लावू नका, मला फोन करा. कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती असल्या टाइल्स जपानी कंपन्यांनी खास हिंदुस्थानसाठी केल्या होत्या, आपल्याकडच्या छापील चित्रांवरून. त्या मलब्यात टाकणं मनाला पटत नाही.

आता माझा प्रश्न. वाडा उभा आहे, मोडायचा नाही, पण मालक म्हणतो पोरीचं लग्न आहे, ओसरीच्या टाइल्स काढून न्या आणि पैसे द्या. घ्यायच्या का नाही? मी नाही घेतल्या तर दुसरा नेतो, आणि तो तर पहारीनं काढतो.

अंबाजोगाईची_लेक

मन्याड दादा, माझं मत स्पष्ट आहे, नाही घ्यायच्या. उभ्या वाड्याची टाइल भिंतीवरच राहिली पाहिजे. त्या माणसाला अडचण आहे हे खरं, त्याला दुसरं काही विकता येतं का, तांब्या-पितळेची भांडी असतील, धान्याची जुनी कोठारं असतील, ते बघा. टाइल एकदा भिंतीतून निघाली की ती फक्त एक वस्तू होते. तिथं असताना ती त्या घराचं बरंच काही सांगते: कोणत्या खोलीला मालकानं जास्त खर्च केला, पाहुणा कुठं बसायचा, बायका कुठं बसायच्या.

आमच्या माहेरी हे फार स्पष्ट दिसायचं. बाहेरच्या बैठकीत महागाच्या गुलाबाच्या टाइल्स, कंबरेइतक्या उंचीपर्यंत. देवघराला कमळाच्या. आणि स्वयंपाकघरात एक पण नाही, तिथं शेणानं सारवलेली जमीन आणि धुरानं काळी भिंत. आजी आयुष्यभर त्या खोलीत राबली. या सगळ्या टाइल्स काढून कुणी ट्रेमध्ये मांडल्या तर हे कुणाला कळणार?

आणि ३० सप्टेंबर १९९३ विसरू नका. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात माणसं माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, झोपायला भ्यायची, महिनोन्महिने अंगणात झोपलेलो आहोत आम्ही. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचं वजन म्हणून चांगले धडधाकट वाडे पण पाडले लोकांनी, पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या खोल्या बांधल्या. कुणाला दोष द्यायचा नाही, जीव गेले होते. पण तेव्हा फोटो काढायचं पण कुणाला सुचलं नाही, आणि आता आमच्या गल्लीत कोणत्या घरात काय होतं हे सांगणारी माणसं संपत आली.

मन्याड_खोरं

ताई, तुमचं बरोबर आहे. पण पोरीचं लग्न तोंडावर असलेल्या माणसाला हे कसं सांगायचं ते पण सांगा. मी भाव पाडून घेत नाही कुणाकडून.

अंबाजोगाईची_लेक

तुम्ही भाव पाडता असं मी म्हणतच नाही दादा. उलट तुमच्यासारखी माणसं या धंद्यात आहेत म्हणून हे बोलायलेय. त्या मालकाला एवढंच सांगा की वाडा जेव्हा कधी विकशील तेव्हा टाइल्ससकट अख्खी ओसरी असली तर घेणारा जास्त देतो, आणि सुट्या काढल्या तर भिंत उघडी पडते, पावसाळ्यात माती गळते, मग दुरुस्तीचा खर्च मागं लागतो. हे खोटं नाही, तुम्हाला पण माहीत आहे.

दुधनाकाठ

ताईंशी शंभर टक्के सहमत. मी पण फक्त पाडायला घेतलेल्या घरातल्याच घेतो. आणि गाव, खोली, भिंत लिहिल्याशिवाय एक पण घरात ठेवत नाही. तमिळनाडूत चेट्टिनाडला बघा, तिथल्या हवेल्यांमध्ये जपानी टाइल्स भरपूर आहेत, पण कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावर जुन्या सामानाची दुकानं आहेत तिथं सुट्या टाइल्सचे ढीग बसलेत, कोणत्या घरातल्या ते विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. आपल्याकडं तसं होऊ नये.

उलट तैवानमध्ये चियायी गावात एक टाइल संग्रहालय आहे, २०१६ ला उघडलं. ज्यांनी काढलं ते गृहस्थ वीसेक वर्षं पडणाऱ्या घरांतून या जपानी टाइल्स सोडवत होते, त्याच त्या आपल्या वाड्यातल्या, तोच काळ. जुन्या लाकडी घरात मांडलंय. मराठवाड्यात तेवढं मोठं नाही झालं तरी निदान एका तालुक्याची नोंद तरी नीट व्हावी ही माझी इच्छा आहे.

सेलूकर_काका

वाचून फार आनंद झाला. आमच्या दुकानाच्या जुन्या वह्या मी अजून ठेवल्यात, मोडी आणि उर्दू मिसळून लिहिलेल्या. एका वहीत चिनी फरशीच्या पेट्यांची नोंद आहे, रक्कम हाली सिक्क्यात म्हणजे निझामाच्या रुपयांत, आणि त्याखाली करोडगिरी वेगळी लावलेली. तरुण मंडळींना माहीत नसेल, करोडगिरी म्हणजे निझाम सरकारची जकात, मुंबई इलाख्यातून आपल्या हद्दीत माल आला की नाक्यावर भरावी लागायची. त्यामुळं आपल्याकडं हा माल मुंबईपेक्षा महाग पडायचा, आणि ज्याच्या घरी असायचा त्याचा मान असायचा.

कुणाच्या घरी जुन्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका. टाइलवर साल लिहिलेलं नसतं, वहीत असतं.

दुधनाकाठ

काका!! हे तर सोनं आहे. त्या पानाचा फोटो टाकाल का? मी परतूरकडं आलो की तुमच्याकडं नक्की येईन, मोडी वाचणारा एक मित्र पण बरोबर आणतो.

सेलूकर_काका

या की, घर तुमचंच आहे. फोटो नातवाला काढायला लावतो.

मांजराकाठ

मावशीच्या घरी जाऊन आलो. पाठ बघता येत नाही, भिंतीत आहेत. पण पाकळीच्या बुडाशी रंग खरंच गडद आहे. वरून मात्र काजळी आणि तेलाचा थर बसलाय, काही टाइल्सवर बारीक भेगांचं जाळं आहे आणि खालच्या ओळीवर पांढरी पांढरी पूड येते, पुसली की परत येते. मावशी म्हणते तेजाब टाकून घासू का. काय सांगू?

अंबाजोगाईची_लेक

तेजाब अजिबात नको!! मावशीला आत्ताच फोन करा.

त्या काळच्या रंगीत लेपात बहुतेक शिसं असतं. तेजाबानं काय, लिंबू, चिंच, व्हिनेगर कशानं पण तो लेप हळूहळू मरतो, चकाकी जाते आणि एकदा गेली की परत येत नाही. वर ते शिसं पाण्यात उतरतं ते वेगळंच. म्हणून या टाइलवर खायचं काही ठेवायचं नाही, आणि पाठीवरचा चुना कोरडाच मशीननं घासायचा नाही, धूळ पोटात जाते.

काजळीला कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ सुती फडकं, बास. पिळून घ्यायचं फडकं, पाणी गळू द्यायचं नाही, कारण जिथं भेगांचं जाळं आहे तिथून घाण पाणी आत शिरलं की डाग कायमचा बसतो.

पांढरी पूड म्हणजे खार. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते आणि सुकताना क्षार बाहेर टाकते. टाइल कितीही पुसा, ओल थांबली नाही तर काही उपयोग नाही. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला बघा, न्हाणीचं पाणी मुरतंय का, नाहीतर कुणी सिमेंटचा गिलावा मारलाय का. चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंट लावलं की ओल तिकडून निघू शकत नाही आणि मग ती आतल्या बाजूनं, टाइलच्या मागं येते. आमच्या भागात निम्म्या वाड्यांची हीच गत आहे.

मांजराकाठ

ताई, बाहेरून सिमेंटच आहे, गेल्या साली मारलंय. आणि न्हाणी पण त्याच भिंतीला. आता कळलं. फोन केला मावशीला, तेजाबाची बाटली परत दुकानात द्यायला सांगितली.

मन्याड_खोरं

सुट्या काढलेल्या टाइल्ससाठी मी पण सांगतो, धंद्यात शिकलेलं. पाण्यात बुडवून ठेवायच्या, दर दिवशी पाणी बदलायचं, चुना मऊ पडला की बांबूच्या कामटीनं काढायचा, लोखंड लावायचं नाही. पण बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडं बोअरचं पाणी इतकं जड असतं की खार काढायचा सोडून वर नवीन भरतो. पावसाचं साठवलेलं नाहीतर फिल्टरचं. नंतर सावलीत निवांत सुकू द्यायच्या, उन्हात नाही. आणि सिमेंटमध्ये बसवलेली असेल तर पाठीचं सिमेंट तसंच राहू द्या, हट्ट केला की टाइल जाते.

उदगीरकर

एक शंका. हैदराबादला एका दुकानात ‘निझामकालीन’ म्हणून लक्ष्मीची टाइल दाखवली, फार चकचकीत, मला संशय आला म्हणून घेतली नाही. खोटी कशी ओळखायची?

दुधनाकाठ

नाही घेतली ते बरं केलंत. आधी पाठ बघा. जुन्याच्या पाठीवर साच्यात उठवलेलं नाव नाहीतर चिन्ह असतं, खाचा असतात, आणि खाचांच्या कोपऱ्यात चुना अडकलेला असतो जो धुतला तरी थोडा राहतो. इंग्लंडची असेल तर कारखान्याचं नाव, आणि १८८४ नंतरच्या डिझाइनवर कधीकधी नोंदणीचा आकडा असतो, त्यावरून साल जवळपास लागतं. तिथल्याच मॉ कंपनीच्या टाइलवर गावाचं नाव ब्रोसली लिहिलेलं असेल तर आधीची, जॅकफील्ड असेल तर १८८३ नंतरची, कारण त्या साली कारखाना तिकडं हलला.

मग भिंगातून तोंड बघा. आजकालच्या देवाच्या टाइल्स मशीनवर छापलेल्या असतात, त्यात चार रंगांचे बारीक ठिपके शिस्तीत दिसतात. जुन्या देवाच्या टाइल्समध्ये पण छापकाम असतंच त्यामुळं नुसत्या ठिपक्यावरून निकाल देऊ नका, पण जुन्यात छापावर हातानं रंग भरलेला दिसतो, ब्रशची कड दिसते, रंग थोडा रेघेबाहेर गेलेला असतो. उठावाच्या टाइलमध्ये आणखी सोपं, लेप खोलात जाड आणि उंचवट्यावर पातळ असला पाहिजे. सगळीकडं सारखाच असेल तर परत ठेवून द्या.

अन् दुकानदाराला विचारा कोणत्या गावच्या कोणत्या वाड्यातली. उत्तर आलं नाही तर खरी असली तरी मी तरी घेत नाही.

कयाधूचा_पोरगा

नमस्कार, पहिल्यांदाच लिहायलोय. हा धागा पूर्ण वाचला. आमचा वाडा हिंगोलीकडं आहे, चुलत्यांची वाटणी झाली आणि दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय, मी काही बोलू शकत नाही, लहान आहे घरात. बैठकीच्या दोन भिंतींना टाइल्स आहेत, हिरव्या पट्टीच्या आत गुलाबाच्या. आणि तुळशी वृंदावनाला चार बाजूला मोराच्या. काका म्हणाले तुला पाहिजे तर काढून घे. मी काय करू? कशानं काढू? माझ्याकडं पैसे नाहीत मिस्त्रीला द्यायला.

दुधनाकाठ

भाऊ, लिहिलंस ते फार चांगलं केलंस. पैशाचं बघू, आधी काम ऐक.

काढायच्या आधी फोटो. प्रत्येक भिंत समोरून, पूर्ण, दिवसाच्या उजेडात, बाजूला टेप धरून. मग जवळून. खोलीचा नकाशा वहीत काढ, साधा, दार कुठं, खिडकी कुठं, कोणती भिंत पूर्वेची. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून विचार ही बैठक कुणी बांधली, कुठल्या साली, टाइल कुणी आणली, आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड कर. हे सगळं काढायच्या आधी, कारण भिंत उघडी झाली की म्हातारी माणसं बोलत नाहीत, रडतात.

मग प्रत्येक टाइलवर कागदी चिकटपट्टीवर नंबर, डावीकडून उजवीकडं, वरून खाली. काढली की पाठीवर शिसपेन्सिलनं तोच नंबर, मार्कर नको, आणि पट्टी त्याच दिवशी काढून टाक.

काढताना तुझं नशीब चांगलं असेल तर चुन्यात असतील. आधी वरच्या ओळीच्या वरचा गिलावा फोड, म्हणजे मागं पातळ पट्टी घालायला जागा होईल. फटीतला चुना पातळ करवतीच्या पात्यानं कापून घे, चारी बाजूनं. मग छिन्नी टाइलच्या मागच्या चुन्यात, टाइलवर नाही, हलक्या हातानं, दुसऱ्यानं समोरून तळहात लावून धरायचं. आधीच फुटलेली एखादी असेल तर तिच्यापासून सुरू कर, तिथून बाकीच्यांच्या मागं हात जातो. हातमोजे घाल, लेपाची कपची ब्लेडपेक्षा वाईट कापते.

वृंदावनाच्या मोराच्या मात्र काढू नको. वृंदावन अख्खं हलवता येतं का विचार.

मन्याड_खोरं

मिस्त्री मी देतो. आमचा एक माणूस आहे, हैदराबादला कोठ्यांची कामं केलेला, हात अगदी हलका. त्याची मजुरी माझ्याकडून. वृंदावन दगडी चौथऱ्यावर असेल तर क्रेन लागणार नाही, खालून सागाच्या दोन फळ्या सरकवून आठ माणसांत उचलतो आम्ही, देवळाची कामं केलीत. नवीन जागा कुठं ते तुझ्या घरच्यांनी ठरवायचं.

फक्त एक, मलबा काढायची जेसीबी ज्या दिवशी येणार त्याच्या निदान आठ दिवस आधी सांग. आदल्या दिवशी सांगितलं तर काही होत नाही.

कयाधूचा_पोरगा

दादा काय बोलू. काकांशी आज रात्री बोलतो. आजी म्हणतेय वृंदावन तिच्या नव्या घराच्या अंगणात पाहिजे, जागा आहे म्हणे.

सेलूकर_काका

आजीला विचार वाडा बांधला तेव्हाच्या वह्या कुठं आहेत. माळ्यावर नाहीतर धान्याच्या कोठीत असतात. मी येतो बरोबर, वाचून देतो.

अंबाजोगाईची_लेक

मी खोके आणि फोम पाठवते. टाइल्स आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवायच्या, तोंडाला तोंड, पाठीला पाठ, मध्ये फोम. वर्तमानपत्र नको, ओल लागली की शाई उतरते. एका खोक्यात थोड्याच भर, वजन फार होतं. पत्ता मला वेगळ्या निरोपात कळव, इथं लिहू नको.

कयाधूचा_पोरगा

हो ताई, कळवतो. काका हो म्हणाले. जेसीबीवाल्याला पौर्णिमेनंतर या म्हणून सांगितलंय. मन्याड दादा, मिस्त्रीला वसुबारसेच्या आधी आणता येईल का, सणाला सगळे घरी असतात, हात लावायला माणसं मिळतील.

मन्याड_खोरं

आणतो. बुधवारी सकाळी नांदेडहून निघतो, दुपारपर्यंत पोचतो. करवतीची पाती मी घेऊन येतो, तू फक्त शिडी आणि भरपूर पाणी तयार ठेव, बोअरचं नको.